बंद पडलेल्या दगडखाणीत देशी झाडं-झुडपं कशी उभी करावीत?

प्रश्न असा आहे: पठारावरची सुमारे पाच एकरांची काळ्या दगडाची खाण, खडीचं काम कायमचं बंद, पाऊस वर्षाला सहाशे-सातशे मिलिमीटर. तीन पावसाळे रोपं लावली. दिवाळीपर्यंत ती हिरवी राहतात आणि मे संपेपर्यंत बहुतेक जळून जातात. इथे देशी झाडं येतील का, की गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावून मोकळं व्हावं?

देशी झाडं येतील. मात्र सलग तीन वर्षं रोपं मरतात तेव्हा दोष सहसा रोपांचा नसतो, टँकर कमी पडल्याचाही नसतो. मुळांना खाली जायला वाटच नसते. पावसाळ्यात वरच्या वीत-दीड वीत मातीत मुळं पसरतात, तेवढी माती नोव्हेंबरात सुकते आणि रोप पुढचे सहा महिने टँकरवर कसंबसं तग धरतं. त्यामुळे पहिलं वर्ष रोपांवर खर्च करू नका, जमिनीवर करा. हा सल्ला कुणालाच आवडत नाही, कारण पहिल्या पावसाळ्यानंतर दाखवायला काही नसतं. पण खाणीत लागवड फसण्याचं सगळ्यात मोठं कारण ही घाईच आहे.

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. काळा कातळ विषारी नाही. तो झिजतो तेव्हा कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह सुटतं. नसतं ते नत्र आणि सेंद्रिय कर्ब. कोळशाच्या खाणीत आम्लता आडवी येते. चुनखडीच्या खाणीत सामू (pH) चढून लोह आणि स्फुरद अडकतं, पानं पिवळी पडतात. जांभ्यात स्फुरद मातीला चिकटून बसतं. तुमची अडचण त्या मानाने सरळ आहे: जमीन चेपलेली आहे आणि माती नाही.

सुरुवात पाहणीने करा, तीही भर पावसात. पाणी कुठे तुंबतं, कुठून वाहून जातं, कुठे लगेच मुरतं, हे जुलैमध्ये दगडांवर चुन्याने खूण करून ठेवा. त्याच फेरीत आपोआप काय उगवलंय ते बघा. खाणीच्या उतारावर धायटी, तरवड, उन्हाळी (शरपुंखा), एखादं बोर किंवा हिवर दिसलं तर ते उपटू नका. सफाईच्या नावाखाली जेसीबीने सगळं साफ करून मग रोपं लावायची ही पद्धत खाणीत घातक आहे. जिथे धायटी आपणहून आली आहे तिथे खाली फट आहे, हे तिने तुम्हाला फुकटात शोधून दिलेलं असतं.

प्रत्येक भागात दोन-तीन चाचणी खड्डे घ्या, ६० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल. त्यात ४० लिटर पाणी ओता, म्हणजे तळाशी साधारण ११ सेंटिमीटर उभं राहील. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघा. पाणी पूर्ण जिरलं असेल तर तिथे झाड लावता येईल. थोडं पाणी राहिलं असेल तर तळ पहारेने फोडून पुन्हा तपासा. पाणी जसंच्या तसं असेल तर तो खड्डा ऑगस्टमध्ये हौदासारखा भरेल आणि मुळं कुजतील. अखंड कातळात ब्रेकरने चौकोनी खड्डा पाडून, त्यात चांगली माती भरून लावलेलं झाड याच कारणाने मरतं. पावसाळ्यात ते गुदमरतं, उन्हाळ्यात सुकतं, आणि दोन्ही वेळा दोष पाण्याच्या पाळीला दिला जातो.

आता चेपलेल्या जमिनीबद्दल. ट्रकांचे रस्ते, क्रशरची जागा आणि माल साठवण्याची जागा हे भाग सगळ्यात घट्ट असतात. वर भुकटीचा थर असेल तर पहिल्या पावसानंतर त्याची पापडी धरते आणि पाणी वरून निघून जातं. ही भुकटी खरवडून बाजूला घ्या, ती पुढे उपयोगी पडेल. मग रिपर (जमीन खोल फाडणारा लोखंडी दात) लावून किंवा पोकलेनच्या बकेटने ६० ते ९० सेंटिमीटर खोल फोडा. ओळी उताराला आडव्या, समपातळीत हव्यात. काम एप्रिल-मेमध्ये, जमीन कोरडी असताना करा. ओली जमीन फुटत नाही, नुसती चिरली जाते आणि चिरेच्या कडा चोपून गुळगुळीत होतात. फोडून झाल्यावर त्यावर पुन्हा कोणतंही वाहन जाऊ देऊ नका, आणि सपाट करून घ्यायचा मोह आवरा. ओबडधोबड पृष्ठभागच पाणी आणि बी धरून ठेवतो. अमेरिकेत ॲपलेशियन डोंगरांतल्या कोळसा खाणींवर १९७७ च्या कायद्यानंतर जमीन नीटस आणि घट्ट करून देण्याची पद्धत पडली, आणि तिथे झाडं खुरटली. नंतर तिथल्या वनतज्ज्ञांनी शिफारस बदलली: किमान सव्वा मीटरच्या आसपास भुसभुशीत थर आणि वरून कमीत कमी फिरणं. आपल्याकडेही हेच लागू पडतं.

जिथे निव्वळ कातळ आहे तिथे रिपर चालत नाही. सगळ्या पाच एकरांवर माती पसरायचा विचारही करू नका. अर्धा मीटर थर द्यायचा म्हटलं तरी दहा हजार घनमीटर माती लागेल, आणि ती दुसऱ्या टेकडीवरून आणली तर तिथे नवी खाण होईल. त्याऐवजी बेटं करा. एकूण क्षेत्राच्या दहा टक्के, म्हणजे सुमारे २,००० चौरस मीटरवर, एक मीटर जाडीचे ढिगारे टाका. एकेक बेट ५० ते १०० चौरस मीटरचं, जिथे पाणी वाहत येतं पण तुंबत नाही अशा ठिकाणी. टिपरने माल ओतायचा, बकेटने वरून हलकासा सारखा करायचा, चढून दाबायचा नाही. खाण सुरू करताना वरची काढून टाकलेली माती-मुरूम बहुधा कडेला पडलेली असतेच, आधी ती वापरा. तीन भाग हा मुरूम, एक भाग तलावाचा गाळ, आणि एकूण मिश्रणाचा दहावा हिस्सा पूर्ण कुजलेलं खत, असं प्रमाण ठेवा. गाळ यापेक्षा जास्त नको. निव्वळ काळा गाळ उन्हाळ्यात भेगाळतो आणि कोवळी मुळं अक्षरशः तुटतात. कच्चं शेण तर अजिबात नको, त्यावर वाळवी येते. बाजूला काढलेली भुकटी या मिश्रणात थोडी मिसळायला हरकत नाही, फक्त तिचा सलग थर कुठेही राहू देऊ नका.

खाण अजून चालू असेल, किंवा शेजारी नवीन भाग उघडणार असतील, तर वरची १० ते १५ सेंटिमीटर माती वेगळी काढून घ्यायला सांगा आणि ती ताबडतोब पसरा. बहुतेक बी आणि सूक्ष्मजीव याच थरात असतात. उंच ढीग करून वर्षभर ठेवली की आतलं बरंचसं बी मरतं. साठवायची वेळ आलीच तर ढीग दीड मीटरपेक्षा उंच नको. पश्चिम ऑस्ट्रेलियात बॉक्साइटच्या खाणींवर जारा या निलगिरीच्या जातीचं जंगल परत उभं करताना ही ताजी माती थेट पसरण्यावरच सगळा भर असतो.

तिसरी जागा म्हणजे कातळातल्या भेगा. इथे यंत्रापेक्षा दगड फोडणाऱ्या अनुभवी माणसाची नजर आणि कान लागतात. हातोडीचा ठोका मारला की अखंड दगड खणखणतो, आणि खाली सांधा असेल तिथे आवाज बद्द येतो. जोधपूरच्या राव जोधा उद्यानात २००६ पासून वेडी बाभूळ काढून कठीण ज्वालामुखी खडकावर मरुभूमीतली झाडं लावली गेली. तिथे दगडखाणीत काम केलेल्या कारागिरांनीच अशा जागा हेरून छिन्नीने खड्डे घेतले. तुमच्या भागातले वडार समाजातले जुने कारागीर हे काम उत्तम करतील, त्यांना मजूर म्हणून नव्हे तर जाणकार म्हणून बोलवा. सांध्यावर ३० सेंटिमीटरचा छोटा खड्डा पुरतो, कारण मूळ पुढची वाट स्वतः काढतं.

आता काय लावायचं. नेहमीच्या यादीत वड, पिंपळ, कडुनिंब, करंज असतात, आणि ती खाणीच्या मोकळ्या तळावर पहिल्या वर्षी लावली जातात. माझ्या मते क्रम उलटा हवा: आधी गवत आणि झुडपं, बरोबर काटेरी शेंगवर्गीय झाडं, आणि सावलीतली झाडं चौथ्या-पाचव्या वर्षी. गवतासाठी पवन्या, मारवेल आणि डोंगरी. फोडलेल्या जागेवर हेक्टरी ५ ते ६ किलो बी ओलसर मातीत मिसळून पहिल्या पावसानंतर फोका. झुडपांत तरवड, धायटी, निर्गुडी, हेकळ, करवंद, मुरुडशेंग, गेळा. लागवडीतली निम्म्याहून जास्त संख्या झुडपांची असू द्या. ती जमिनीवर सावली धरतात, पाला पाडतात, आणि त्यांच्यावर बसणारे पक्षी बाकीचं बी आणतात.

झाडांत खैर, हिवर, बोर, हिंगणबेट, आपटा आणि पळस ही पहिली फळी. खैर आणि हिवर मुळांवरच्या गाठींतून नत्र जमिनीत आणतात, म्हणून त्यासाठी परदेशी गिरिपुष्पाची गरज नाही. भेगांमध्ये सालई, मोई, सोनसावर, कहांडोळ. ही मूळची उघड्या खडकावरचीच झाडं आहेत. पांगारा, मोई आणि काकड फांदीपासूनही येतात: पालवी फुटायच्या आधी मनगटाएवढ्या जाडीची, दीड ते दोन मीटरची फांदी घ्या, कापलेलं टोक काही दिवस सावलीत सुकू द्या, मग ४५ ते ६० सेंटिमीटर खोल गाडा. बेटांवर बहावा, मेडशिंगी, धावडा, पांढरा कुडा, बेल, आवळा. पाणवठ्याच्या काठी करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन. शेवटी, म्हणजे चौथ्या वर्षानंतर झुडपांच्या आडोशाला, टेंभुर्णी, बिब्बा, कुसुम यांसारखी हळू वाढणारी. ही यादी आंधळेपणाने घेऊ नका. दहा-पंधरा किलोमीटरच्या परिघात कमी पावसाची, उथळ मातीची देवराई किंवा माळ शोधा, आणि तिथे जे आहे त्याला प्राधान्य द्या.

गिरिपुष्प आणि सुबाभूळ याबद्दल सरळ सांगतो: लावू नका. ती जगतात यात शंका नाही, पण सुबाभूळ इतकं बी पाडतं की पुढे काढणं कठीण होतं, आणि गिरिपुष्पाच्या दाट लागवडीखाली देशी झाडांचं नवं रोप क्वचितच वर येतं. परदेशी झाडाने खाण हिरवी होते हे खरंच आहे. केनियात मोंबासाजवळ सिमेंट कारखान्याच्या चुनखडीच्या खाणीत १९७१ नंतर खडशेरणीवर, म्हणजे सुरूवर, काम उभं राहिलं. पण तिथेही सुरूच्या काड्या कुजेनात, म्हणून वाणी (पाला खाणारे अनेक पायांचे किडे) आणून सोडावे लागले आणि तेव्हा कुठे माती तयार व्हायला लागली. त्या खाणीत दुसरं फारसं काही जगत नव्हतं. तुमच्याकडे तर धायटीसारखी देशी झुडपं आपोआप येऊ शकतात.

रोप उंच असलं की जगतं हा समज खाणीत खोटा ठरतो. सहा-आठ फुटी रोपाची पानं जास्त आणि पिशवीतली मुळं थोडी, त्यामुळे ऑक्टोबरच्या उन्हात त्याचा हिशेबच जुळत नाही. ४५ ते ६० सेंटिमीटर उंच, पेन्सिलीएवढ्या जाडीचं, वर्षभराचं रोप घ्या. एक-दोन रोपांच्या पिशव्या फाडून मुळं बघा. तळाशी मुळं गोल गुंडाळलेली असतील तर खालचा दोन सेंटिमीटर भाग धारदार पात्याने कापून टाका. अर्ध्याहून जास्त रोपं तशी असतील तर सगळी खेप परत करा. लावताना पिशवी पूर्ण काढा, नुसती चिरून आत सोडू नका.

खोल सोटमुळाची झाडं, म्हणजे पळस, खैर, बोर, हिंगणबेट, बियांपासून जागेवरच लावलेली बरी. पिशवीत सोटमूळ एकदा वाकलं की ते भेगेत सरळ उतरत नाही. प्रत्येक जागी ३ ते ४ बिया, बीच्या जाडीच्या दुप्पट खोल. खैराचं बी साध्या पाण्यात रात्रभर भिजवा. हिवरासाठी पाणी उकळून भांडं खाली उतरवा, त्यात बी टाकून रात्रभर तसंच ठेवा. फुगलेलं बी पेरा, न फुगलेल्यावर पुन्हा तीच क्रिया करा. बहाव्याचं बी एका बाजूने खडबडीत दगडावर घासून मग भिजवा. पळस आणि कडुनिंबाचं बी मात्र साठवू नका, पडल्यावर काही आठवड्यांत पेरा. पेरलेल्या जागी बोरीच्या काट्या टाका, नाहीतर उंदीर आणि खारी बी उकरून नेतात. बी किमान पंधरा-वीस वेगवेगळ्या झाडांवरून गोळा करा. बीजगोळे फेकून खाण हिरवी होत नाही. गोळा कठीण जमिनीवर फुटतो, कोंब येतो आणि मुळाला खाली शिरता न आल्याने तो वाळतो.

लागवड पहिल्या पावसाला नको. एकूण १०० ते १५० मिलिमीटर पाऊस होऊन ओल दोन फूट खाली गेली की करा, साधारण जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत. बेटांवर दीड मीटर अंतराने सुमारे ९०० रोपं बसतील. फोडलेली जमीन ०.८ हेक्टर धरली तर तिथे ३ मीटरवर आणखी तेवढीच. चौरस मीटरला तीन रोपं लावायची दाट पद्धत इथे वापरू नका, तेवढं पाणी या जमिनीत नाही. प्रत्येक खड्ड्यात जवळपासच्या त्याच जातीच्या झाडाखालची मूठभर माती टाका, मुळांना मदत करणारी बुरशी आणि जिवाणू त्यातूनच येतात. मूठभर म्हणजे मूठभरच, देवराईचा तळ खरवडू नका. रोपाभोवतीचं गवत अर्ध्या मीटरपर्यंत काढत राहा.

आच्छादनासाठी पाला विकत आणायची गरज नाही. खाणीत चपटे दगड मुबलक असतात. रोपाभोवती ते एकमेकांना टेकवून पसरा, खोडापासून चार बोटं जागा सोडून. दगडाखाली ओल टिकते, वाळवी लागत नाही, वाऱ्याने उडत नाही. पश्चिमेच्या बाजूला एक मोठी फरशी उभी रोवा. दुपारनंतरचं ऊन आणि तापलेल्या कातळाची धग यांनी रोपाचा बुंधा भाजतो, आणि उन्हाळ्यातली कितीतरी मर ही तहानेपेक्षा या भाजण्याने होते.

पाणी पहिल्या वर्षी ऑक्टोबरच्या मध्यापासून, दर पंधरा दिवसांनी रोपाला १० लिटर, एकदम आणि सावकाश. रोज दोन-दोन लिटर दिलं तर मुळं वरच राहतात. दुसऱ्या वर्षी महिन्यातून एकदा, तिसऱ्या वर्षी बंद. १,८०० रोपांना एका पाळीला १८,००० लिटर, आणि जूनच्या सुरुवातीपर्यंत सोळा पाळ्या धरल्या तर २ लाख ८८ हजार लिटर लागतात. ६०० मिलिमीटर पावसात तुमच्या दोन हेक्टरांवर १ कोटी २० लाख लिटर पाणी पडतं. म्हणून खाणीचा सगळ्यात खोल भाग बुजवू नका, तेच तुमचं टाकं आहे. एका बाजूने उतरता काठ करून घ्या, म्हणजे गुरं-माणसं-प्राणी आत पडले तर बाहेर येऊ शकतील, आणि उरलेल्या बाजूंना कुंपण घाला. बंद खाणीच्या पाण्यात मुलं बुडण्याच्या घटना नेहमी घडतात, त्यामुळे हे काम रोपांच्याही आधी करा.

उभ्या दरडीवर फार काही करू नका. सैल दगड पडतात, म्हणून पायथ्यापासून आणि वरच्या कडेपासून पाच मीटर आत लागवड नको. वरच्या बाजूला पाणी वळवणारी चर घ्या. फटींमध्ये पायर आणि पिंपळाची पिकलेली फळं चिखलात कुस्करून, सुरक्षितपणे हात पोचेल तिथे, लिंपली तर पुरे. बाकीची दरड घुबडं आणि मधमाश्या वापरतात.

गुरं आणि वणवा यांपैकी एकाने सगळं काम एका आठवड्यात संपू शकतं. कडेने चर खणून तिच्या मातीवर निवडुंग, सागरगोटा आणि चिल्हार लावा. गवत पिवळं पडायला लागलं की डिसेंबरमध्येच पाच-सहा मीटर रुंदीचा जाळपट्टा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढलेला पट्टा) काढा. कापलेलं गवत चारा म्हणून गावाला द्या, मग राखण करायला गावही सोबत येतं. घाणेरी नुसती छाटली तर दुप्पट फुटते. तिचं मुख्य मूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर कुदळीने तोडा आणि झुडूप उलटं टाकून सुकू द्या.

खाणपट्टा अजून कुणाच्या नावावर असेल तर आधी तो कागद बघा. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी दिलेल्या आदेशानुसार, खाणकाम थांबल्यावर ती जमीन पुन्हा गवत, चारा आणि वनस्पती-प्राण्यांसाठी योग्य करून देण्याची अट खाणपट्ट्यांना लावायची आहे. निदान जमीन फोडणं आणि बेटं घालणं, ही यंत्राची महागडी कामं पट्टेधारकाकडून करून घेण्याचा आग्रह धरा.

मोजणी दरवर्षी मेअखेर करा. ऑक्टोबरातला आकडा नेहमीच चांगला दिसतो. पहिल्या मेमध्ये दहातली सहा-सात रोपं जिवंत असतील तर काम बरं चाललंय. एखाद्या बेटावर निम्म्याहून कमी उरली असतील तर तिथे परत रोपं लावण्याआधी एक मेलेलं रोप मुळासकट उकरून बघा: मुळं काळी आणि मऊ असतील तर पाणी तुंबतंय, वाळलेली आणि पिशवीच्या आकारातच अडकलेली असतील तर रोप किंवा जमीन घट्ट होती, आणि साल कुरतडलेली असेल तर वाळवी. चौथ्या वर्षापासून न लावता आलेली रोपं वेगळी मोजा. पक्ष्यांना बसायला बेटांवर दोन-तीन वाळक्या फांद्या उभ्या करून ठेवल्या तर अशा आपोआप येणाऱ्या रोपांची सुरुवात बहुधा त्या फांद्यांच्या खालीच होते.